अ‍ॅव्हरेज किती देते हो?

आमच्या दारात नवी मोटार उभी राहिली, त्या दिवसापासून मला एकच प्रश्न निदान दोनशे वेळा विचारला गेला असेल. दूधवाल्याने विचारला, इस्त्रीवाल्याने विचारला, समोरच्या इमारतीतल्या निवृत्त न्यायाधीशांनी विचारला. इतकेच काय, भाचीच्या लग्नात अक्षता टाकता टाकता एका गृहस्थांनी माझ्या कानाशी लागून विचारला. प्रश्न अर्थातच हा, "अ‍ॅव्हरेज किती देते हो?"

मीही दर वेळी छाती थोडी पुढे काढून सांगतो, "एकवीस. गावात कधी कधी तेवीससुद्धा." ऐकणारा भुवया उंचावतो, मान डोलावतो आणि "मग हायब्रिड घेतलीत ते बरंच केलंत" असे म्हणून आपल्या वाटेने जातो. मी ही गाडी का घेतली याचे कारण त्याला मिळालेले असते, आणि ते देऊन टाकल्याचे समाधान मला.

आता खरे सांगायचे, तर हे कारण खोटे आहे. आकडा अगदी खरा आहे, वहीत लिहून ठेवलेला आहे. खोटे आहे ते कारण. दिवाळीच्या तोंडावर आपण घरातली जळमटे काढतो. तसे मनातलेही एखादे काढून टाकावे, म्हणून हा लेख लिहायला बसलो आहे.

वही आणि गुडघा

मी एका बँकेत छत्तीस वर्षे नोकरी केली. त्यामुळे हिशेब ठेवण्याची खोड अंगात मुरलेली. १९८३ साली पहिली स्कूटर घेतली, तेव्हा एक लांबट वही केली आणि तीत तारीख, किती लिटर, किती किलोमीटर हे लिहू लागलो. स्कूटर गेली, जुनी घेतलेली पहिली मोटार गेली, २०१० मध्ये घेतलेली लहानशी पेट्रोलगाडी चौदा वर्षे राबली. वही मात्र चालूच आहे. आमच्या सौ. तिला ‘तुमची पोथी’ म्हणतात.

या पोथीत ज्याची कधी नोंद झाली नाही, अशी एक गोष्ट म्हणजे माझा डावा गुडघा. पुण्यात मोटार चालवणाऱ्याला डाव्या पायाचे महत्त्व सांगायला नको. कर्वे रस्त्याने संध्याकाळी सहा वाजता डेक्कनहून कोथरूडला यायचे, तर तेवढ्या अंतरात क्लच किती वेळा दाबावा लागतो हे एकदा मोजून पाहावे. मी मोजले होते, पण शंभराच्या पुढे मोजणे सोडून दिले. डॉक्टरांनी चित्र काढून पाहिले आणि म्हणाले, "कूर्चा झिजली आहे. वयाचं आहे. जपायचं."

जपायचे म्हणजे काय, ते २०२३ सालच्या पावसाळ्यात कळले. पौड रस्त्याने चांदणी चौकाकडे चढत होतो. पुढे वाहनांची रांग, मागे रांग. गाडी चार हात सरकते आणि थांबते, चार हात सरकते आणि थांबते. पाऊण तास हे चालल्यावर पाय थरथरू लागला आणि क्लचवरून सटकला. इंजिन बंद पडले, आणि पुन्हा चालू करण्याच्या गडबडीत गाडी हातभर मागे सरकून रिक्षाला टेकली. फार काही झाले नाही. रिक्षावाला खाली उतरला, तावातावाने माझ्या खिडकीशी आला, आणि माझे पांढरे केस पाहून एकदम नरमला. म्हणाला, "जाऊ द्या काका. पण आता ड्रायव्हर ठेवा."

त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

घरी येऊन मी कोणालाही काही सांगितले नाही. सौ.ना नाही, आणि बंगळूरला असलेल्या मुलाला तर नाहीच नाही. कारण त्याचे टुमणे आधीपासून चालूच होते. "बाबा, गाडी कशाला हवी आता? फोनवर टॅक्सी बोलवा, दोन मिनिटांत दारात येते." हिशेब केला तर त्याचेच बरोबर होते. विमा, दुरुस्ती, पेट्रोल आणि गाडीची दरवर्षी उतरणारी किंमत या सगळ्यांची बेरीज केली, तर माझ्यासारख्या माणसाने टॅक्सीने फिरावे हेच शहाणपण. पण गुहागरजवळच्या आमच्या गावी माझी अठ्ठ्याऐंशी वर्षांची आत्या राहते. घराण्यातले तेवढेच एक वडीलधारे माणूस उरले आहे. मनात आले की पहाटे उठून तिच्याकडे निघायचे, ही माझी चाळीस वर्षांची सवय. ती सुटली म्हणजे माझेही एक पर्व संपले, असे मला वाटत होते.

तेव्हा क्लच नसलेली गाडी हवी, हे मनाशी ठरले. क्लच नसलेल्या साध्या ऑटोमॅटिक गाड्या बाजारात पुष्कळ आहेत आणि त्या स्वस्तही आहेत. मग मी लाख-दोन लाख जास्त मोजून हायब्रिडच का घेतली? उत्तर द्यायला मला लाज वाटते, पण देतो. या वयात ऑटोमॅटिक मागितली की लोक विचारतात, "का हो, पाय दुखतो का?" हायब्रिड मागितली की विचारतात, "अ‍ॅव्हरेज किती देते हो?" मला दुसरा प्रश्न सोयीचा होता.

२०२४ च्या पाडव्याला गाडी घरी आली. त्या वेळी माझे वय सहासष्ट.

दोन बैलांची गाडी

पुढे जाण्यापूर्वी ही हायब्रिड म्हणजे काय प्रकरण आहे ते थोडक्यात सांगितले पाहिजे. कारण ती घेतलेल्यांपैकीही पुष्कळांना ते माहीत नसते.

दोन बैलांची जोडी डोळ्यांपुढे आणा. एक थोराड, लांब पल्ल्याला दमदार, पण जागचा हलताना कुरकुरणारा. दुसरा लहानखुरा आणि चपळ; इशारा होताच चालू लागणारा, पण लवकर दमणारा. पहिला म्हणजे पेट्रोलचे इंजिन आणि दुसरा म्हणजे विजेची मोटर. इंजिन ठरावीक वेगाने, बेताचे ओझे ओढत असते तेव्हा काटकसरीने चालते. रांगताना ते उधळपट्टी करते, आणि सिग्नलला नुसते गुरगुरत उभे असते तेव्हा तर पेट्रोल जळते आणि गाडी एक वीतही पुढे जात नाही. हायब्रिडमध्ये गाडी थांबली की इंजिन बंद होते. निघताना विजेची मोटर ढकलते. वेग आला, चढ लागला किंवा बॅटरी उतरली, की इंजिन आपोआप जागे होते. ब्रेक लावला की तीच मोटर उलटी राबून वीज तयार करते आणि ती बॅटरीत साठते. साध्या गाडीत ही सगळी शक्ती ब्रेक तापवण्यात फुकट जाते.

ही बॅटरी किती मोठी असते म्हणाल, तर २०२२ साली भारतात आलेल्या ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर या जुळ्या बहिणींमध्ये ती जेमतेम पाऊण युनिट विजेची आहे. आपल्या विजेच्या बिलातले युनिट असते, तेच हे युनिट. तेवढ्यावर गाडी एक-दोन किलोमीटर जाईल. पण ती दिवसात शेकडो वेळा भरते आणि रिकामी होते, म्हणून तेवढी पुरते. आणि तिला बाहेरून वीज द्यावी लागत नाही.

कल्पना काही आजची नव्हे. फर्डिनांड पोर्शे यांनी १९०० साली व्हिएन्नाच्या लोनर कंपनीत असताना पेट्रोल इंजिनाने वीज तयार करून चाकांतल्या मोटरींवर चालणारी गाडी बनवली होती. पण घराघरांत जाईल अशी हायब्रिड टोयोटाने डिसेंबर १९९७ मध्ये जपानात विकायला काढली. तिचे नाव ‘प्रियस’. भारतात होंडाने २००८ मध्ये सिव्हिक हायब्रिड आणली आणि २०१० मध्ये प्रियसही आली, पण परदेशातून आणलेल्या त्या महागड्या गाड्या आपल्याकडे रुजल्या नाहीत. २०२२ मध्ये होंडा सिटी, ग्रँड व्हिटारा, हायरायडर आणि पाठोपाठ इनोव्हा हायक्रॉस आल्या, तेव्हा कुठे हायब्रिड मध्यमवर्गाच्या बोलण्यात आली.

ज्याचे त्याचे कारण

आपण एका खोट्या कारणाने गाडी घेतली, ही गोष्ट मला टोचत होती. असे करणारा मी एकटाच आहे की आणखी कोणी आहेत, हे पाहावे म्हणून मी पेट्रोल पंपावर, लग्नकार्यात आणि सकाळी टेकडीवर भेटणाऱ्या हायब्रिडवाल्यांना विचारू लागलो. आमची फिरायची टेकडी म्हणजे कोथरूडची एआरएआयची टेकडी. देशभरातल्या मोटारींची परीक्षा घेणारी संस्था त्याच टेकडीवर आहे, हा एक योगच.

पहिले भेटले ते औषधांच्या कंपनीतले एक प्रतिनिधी. सातारा, सांगली, कोल्हापूर असा त्यांचा फेरा. वर्षाला पस्तीस हजार किलोमीटर. त्यांनी खिशातून फोन काढून मला दोन वर्षांचा हिशेब दाखवला. माझ्या पोथीपेक्षाही तो चोख होता. म्हणाले, "काका, मला गाडी कळत नाही. महिन्याचं पेट्रोल कळतं." या माणसाचे कारण खरे, हे मी मान्य केले.

दुसरे एक डॉक्टर दांपत्य, सदाशिव पेठेतल्या जुन्या इमारतीत राहणारे. त्यांना खरे तर संपूर्ण विजेची गाडी हवी होती. पण गाडी रस्त्यावर लागते, आणि खाली चार्जिंगची सोय करण्याचा विषय सोसायटीच्या सभेत तीन वेळा निघून तीन वेळा पुढे ढकलला गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रात्री दोनला पेशंटचा फोन आला आणि गाडीत चार्ज नसला, तर मी काय करू? सभेचा वृत्तांत वाचून दाखवू?" त्यांचे कारण भीतीचे. पण भीती खरी असली की कारणही खरेच.

तिसरे तासगावचे एक द्राक्षबागाईतदार. आमच्या व्याह्यांचे स्नेही. पंधरा वर्षे डिझेलची गाडी वापरली. एप्रिल २०२० पासून धुराचे नियम कडक झाले, त्यानंतरच्या डिझेल गाड्यांना काजळी गाळणारी जाळी बसवलेली असते. गाडी मधूनमधून लांब आणि वेगात पळाली तरच ती काजळी जळून जाते. नाहीतर जाळी तुंबते आणि समोर दिवा लागतो. हे म्हणाले, "माझा मळा घरापासून तीन किलोमीटर. जाळी साफ करायला मी रोज कराडला जाऊन येऊ काय?" म्हणून डिझेल सोडून हायब्रिड.

चौथ्या एक गायिका. त्यांचे कारण ऐकून मी थक्क झालो. त्या म्हणाल्या, "सिग्नलला गाडी थांबते आणि एकदम सगळं शांत होतं. ए.सी. तेवढा चालू असतो. त्या मिनिटभरात मी सूर धरून पाहते. जुन्या गाडीत इंजिनाचा एक सूर कायम असायचा, आणि तो नेमका बेसूर असायचा." अ‍ॅव्हरेज किती पडते ते त्यांना ठाऊकच नव्हते.

पाचव्या गृहस्थांचे नाव-गाव-धंदा काहीच सांगत नाही. त्यांनी झाडे, हवा, नातवंडांचे भविष्य यांवर पंधरा मिनिटे भाषण दिले. गाडीच्या मागे ‘हायब्रिड’ ही अक्षरे कंपनीने बारीक लावली आहेत, अशी त्यांची तक्रार होती. त्यांच्या घरासमोर आणखी दोन मोठ्या गाड्या उभ्या होत्या, त्यांच्याबद्दल मी काही विचारले नाही.

या शेवटच्या गृहस्थांना हसू नका. त्यांचे भाऊबंद सातासमुद्रापार पुष्कळ आहेत. कॅलिफोर्नियात २००३ साली ऑस्करच्या समारंभाला काही नामवंत नटनट्या लांबलचक लिमोझीन सोडून प्रियसमधून उतरल्या आणि ती गाडी एकदम प्रतिष्ठेची झाली. २००७ मध्ये अमेरिकेत प्रियस घेणाऱ्यांची पाहणी झाली. शेकडा ५७ लोकांनी मुख्य कारण सांगितले ते असे की, ही गाडी मी कोण आहे ते लोकांना सांगते. पेट्रोलची बचत सांगणारे शेकडा ३६ होते. स्टीव्हन आणि अ‍ॅलिसन सेक्स्टन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याची किंमतच काढली. आपण पर्यावरणाचे कैवारी आहोत हे शेजाऱ्यांना दिसावे, म्हणून लोक वस्तीप्रमाणे ४३० पासून ४,२०० डॉलरपर्यंत जास्त मोजायला तयार असतात, असे त्यांना आढळले. प्रियसचा आकार इतर कोणत्याही गाडीसारखा नव्हता. दुरून ओळखू येई. तिच्या यशात या वेगळ्या आकाराचा वाटा होता तो असा.

काहींचे कारण त्याहून साधे होते. कॅलिफोर्नियात महामार्गावर दोघे-तिघे बसलेल्या गाड्यांसाठी वेगळी मार्गिका असते. २००५ पासून तिथे हायब्रिडवाल्याला एकट्यानेही जाण्याची मुभा देणारी चिकटपत्रे सरकारने वाटली. ती एकूण ८५ हजार होती. १ जुलै २०११ ला ही सवलत संपली. तोपर्यंत कित्येकांनी गाडी घेतली ती गर्दीतून लवकर घरी पोचण्यासाठी.

आणि हिशेब? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील टरेंटाइन आणि कुरानी या दोन संशोधकांनी ५७ कुटुंबांच्या घरी जाऊन, त्यांनी आजवर घेतलेल्या गाड्यांची हकिकत विचारली. २००७ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. गाडी घेताना पेट्रोलच्या खर्चाचा पद्धतशीर हिशेब केलेले एकही कुटुंब त्यांना सापडले नाही! हे वाचून मला फार बरे वाटले. पण लगेच आठवले की, मी तर बँकेतला माणूस. छत्तीस वर्षे लोकांच्या कर्जांचे हिशेब तपासले. माझ्या हिशेबाचे काय?

ऐंशीव्या वर्षी जुळणारा हिशेब

तो हिशेब मी गाडी आल्यानंतर केला. शहाण्या माणसाने तो आधी करावा, म्हणून इथे मांडतो.

तीच गाडी, साध्या पेट्रोल इंजिनाची आणि ऑटोमॅटिक, मला सुमारे अडीच लाखांनी स्वस्त पडली असती. ती लिटरला चौदा किलोमीटर देते, असे माझ्या ओळखीचे दोघे वापरणारे सांगतात. माझी हायब्रिड एकवीस देते. माझे फिरणे वर्षाला सात हजार किलोमीटर. म्हणजे साध्या गाडीला वर्षाला ५०० लिटर लागले असते, मला ३३३ लागतात. वाचले १६७ लिटर. लिटरला १०४ रुपये धरले, तर वर्षाची बचत सुमारे १७ हजार ३०० रुपये. अडीच लाखांना त्याने भागा. साडेचौदा वर्षे येतात.

म्हणजे माझा हिशेब जुळणार तो मी ऐंशी वर्षांचा झाल्यावर. साठीनंतर वाहनाचा परवाना एका वेळी पाचच वर्षांसाठी मिळतो, तोही डॉक्टरांचा दाखला जोडल्यावर. माझा सत्तरीपर्यंतचा आहे!

औषधकंपनीच्या प्रतिनिधींना मात्र हाच हिशेब लावा. ते माझ्या पाचपट फिरतात. त्यांची बचत वर्षाला ८६ हजारांच्या वर जाते, आणि जास्तीचे पैसे तीन वर्षांच्या आत वसूल होतात. गाडी तीच, आकडा तोच. त्यांना ती काटकसर आहे आणि मला चैन.

जाहिरातीतला आकडाही डोळे मिटून धरू नये. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर यांचा जाहीर आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर आहे. तो रोलरवर, ठरवून दिलेल्या वेगाने आणि ठरलेल्या जागी थांबत मिळवलेला असतो. त्या परीक्षेत ना पौड रस्त्याचे खड्डे, ना भर उन्हाळ्यातला ए.सी., ना माझ्या मेहुण्यांचे कुटुंब मागच्या सीटवर! शिवाय साध्या गाडीच्या उलट, हायब्रिड गावातल्या गर्दीत जास्त बचत करते, आणि द्रुतगती मार्गावर सारख्या वेगाने पळवली की बचत कमी होते. कारण तिथे थांबणे नाही, ब्रेक नाही, परत मिळवायला काही नाही.

किमतीतला सरकारचा वाटाही लक्षात घ्यावा. मी घेतली तेव्हा माझ्या गाडीवर २८ टक्के जी.एस.टी. आणि वर १५ टक्के उपकर, असे ४३ टक्के होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून या आकाराच्या हायब्रिडला ४० टक्के झाले. संपूर्ण विजेच्या गाडीला मात्र ५ टक्केच. ज्याच्या घराखाली स्वतःची जागा आणि विजेचे बटण आहे, त्याने हा फरक विसरू नये.

घाटात

गेल्या मार्गशीर्षात आम्ही दोघे आत्याकडे निघालो. पहाटे पाचला मुळशीच्या रस्त्याला लागलो. ताम्हिणी उतरून माणगाव, महाड, चिपळूण करत गुहागर गाठायचे, हा आमचा नेहमीचा मार्ग.

घाट उतरू लागलो, तशी समोरच्या पडद्यावरची खूण बदलली. चाकांकडून बॅटरीकडे बाण धावू लागला. मी पायाने ब्रेक हलकेच दाबून ठेवला होता, आणि बॅटरीच्या चित्रातल्या रेघा एकेक करून भरत होत्या. पेट्रोल न जाळता वीज फुकट! मी सौ.ना उत्साहाने समजावून सांगत होतो. चार-सहा वळणांत बॅटरी भरली आणि एकदम इंजिन गुरगुरू लागले. सौ. दचकल्या. मी सांगितले, "बॅटरीला आता घेता येत नाही. म्हणून गाडी इंजिन फिरवून वेग आवरते आहे. पोट भरलं की पुढचं वाढलेलं वायाच जातं."

सौ. थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत होत्या. मग म्हणाल्या, "चांदणी चौकात रिक्षाला लागली होती ना गाडी?"

माझा हात स्टिअरिंगवर घट्ट झाला. "तुला कोणी सांगितलं?"

"मागच्या बंपरवर पिवळा ओरखडा होता. आणि त्या रात्री तुम्ही वही उघडली नाहीत. आणि अहो, शोरूममध्ये तो मुलगा अ‍ॅव्हरेज सांगत होता ना, तेव्हा तुमचा हात सारखा गुडघ्यावर होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलला नाहीत म्हणून."

वळणे चालूच होती. मला गाडी थांबवावीशी वाटत होती, पण थांबायला जागा नव्हती. मग त्या जे बोलल्या, ते मी जन्मभर विसरणार नाही. "अडीच लाख गेले त्याचं मला काही नाही हो. तुमचेच होते. पण गुडघा झाकायला गाडी घेतलीत. उद्या डोळे दिसेनासे झाले तर ते झाकायला काय घ्याल?"

मी उत्तर दिले नाही. खाली सपाटीला आल्यावर एका टपरीपाशी गाडी उभी केली. चहा घेतला. तिथल्या बाकावर बसून आमचे दोघांचे ठरले, ते असे. रात्री गाडी चालवायची नाही. दरवर्षी पाडव्याला डोळे आणि कान तपासून घ्यायचे. आणि ज्या दिवशी सौ. शेजारच्या सीटवरून "आता पुरे" म्हणतील, त्या दिवशी किल्ली त्यांच्या हातात द्यायची; वाद घालायचा नाही, वही काढायची नाही, अ‍ॅव्हरेज सांगायचे नाही.

त्या रात्री आत्याच्या ओटीवरून मी मुलाला फोन केला आणि रिक्षाची गोष्ट सांगितली. तो काही वेळ बोललाच नाही. मी मनात म्हटले, आता टॅक्सीचे व्याख्यान. पण तो एवढेच म्हणाला, "बाबा, परत येताना दिवसा निघा. आणि पोचलात की फोन करा."

ज्यांना घ्यायची आहे त्यांच्यासाठी

आता कोणी मला सल्ला विचारलाच, तर मी पुढील गोष्टी सांगतो.

आपण वर्षाला किती किलोमीटर फिरतो ते आधी मोजावे. अंदाजाने धरू नये. अंदाज नेहमी जास्तच निघतो. वीस-पंचवीस हजारांच्या वर आणि त्यातले पुष्कळसे गावातल्या गर्दीत असेल, तर हायब्रिड हिशेबानेही परवडते. शोरूममध्ये नुसत्या ‘हायब्रिड’ शब्दावर भुलू नये. ‘माइल्ड’ म्हणून जी असते, तिची लहान मोटर इंजिनाला थोडा हात देते एवढेच. केवळ विजेवर चालते ती ‘स्ट्राँग’. बोजड सामान नेणाऱ्यांनी मागची जागा स्वतः उघडून पाहावी. काही गाड्यांत मोठ्या बॅटरीने ती खाल्लेली असते. या बॅटरीची भीती मात्र फार बाळगू नये. २०२२ मध्ये आलेल्या या गाड्यांत तिला आठ वर्षांची किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी होती. उलट, नेहमीच्या गाडीत असते तशी एक लहान बॅटरी हायब्रिडमध्येही असते, तिची काळजी घ्यावी. आम्ही महिनाभर मुलाकडे राहून परत आलो, तर एवढी आधुनिक गाडी त्या लहान बॅटरीपायी दारात मढ्यासारखी पडून होती! तेव्हापासून आम्ही नसलो की शेजारचे चिरंजीव आठवड्यातून एकदा तिला फिरवून आणतात.

हे सगळे झाल्यावर, चेक लिहिण्यापूर्वी, एका कागदावर आपले खरे कारण लिहावे. तो कोणाला दाखवायची गरज नाही. बचत, शांतता, भीती, हवा, चार लोकांत मान, दुखरा पाय, काहीही असो. कोणतेच कारण लाजेचे नाही. गायिकाबाईंना सिग्नलवरची मिनिटभराची शांतता अडीच लाखांची वाटत असेल, तर ती महाग म्हणणारे आपण कोण? पण गुडघ्यासाठी घेतलेल्या गाडीला अ‍ॅव्हरेजचे नाव दिले, की मग गुडघ्याविषयी बोलायचे राहूनच जाते, आणि आपल्या माणसाला ते ओरखड्यावरून ओळखावे लागते.

परवा पंपावर पेट्रोल भरत होतो. मागच्या गाडीतले एक माझ्याच वयाचे गृहस्थ खाली उतरले. चालताना किंचित लंगडत होते. माझ्या गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी विचारलेच, "अ‍ॅव्हरेज किती देते हो?"

"एकवीस," मी म्हणालो, "आणि क्लच नाही. माझा डावा गुडघा गेलाय, म्हणून घेतली."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "माझा उजवा."

उजव्या पायाला ही गाडीही काही करू शकत नाही, हे मी त्यांना सांगितले. आम्ही दोघे गाड्या बाजूला लावून बराच वेळ बोलत उभे होतो.